पुस्तकाशी इमान म्हणजे काय? एका फिरत्या मजकुराला उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शिक्षकांच्या आणि वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय. कुणी लिहिला ते त्यात नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या दिग्दर्शकाने पुस्तकाला हात लावला नाही म्हणून तो सिनेमा गाजला. 'हॅरी पॉटर'चे पहिले भाग शब्दशः होते म्हणून सरस, पुढचे कापाकापीने बिघडले. वेळ दिला तर अख्खं पुस्तक पडद्यावर बसतं. लेखकाचं ऐकलं तर चूक होतच नाही. मूळ कथेत ढवळाढवळ करण्याची खोड पाश्चात्त्यांची, आपल्या लोकांनी ती कधी केली नाही. आणि शेवटी: सिनेमा पुस्तकाला धरून असेल तर मुलांना जाडजूड पुस्तक वाचायला लावण्यात अर्थ नाही. सुट्टीत सिनेमा दाखवा, काम झालं.

हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. आमच्या बहुतेक मुलांची हॅरी पॉटरशी पहिली ओळख टीव्हीवर नाहीतर मोबाईलवर, हिंदीत डब केलेल्या सिनेमातून होते. घरात मराठी, शाळेत सक्तीची कन्नड, वर इंग्रजी, करमणुकीला हिंदी, अशा चार भाषांतून वाट काढणाऱ्या पोरांच्या हातात एखादं मराठी पुस्तक टिकावं म्हणून काय काय करावं लागतं, ते इथल्या शिक्षकांना मी सांगायला नको. आणि शिक्षकांच्याच गटावर 'पुस्तक नको, सिनेमा पुरे' असं फिरत असेल, तर त्यातला एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये काहीच बदललं नाही

गाजला हे खरं. पीटर जॅक्सनचे तीन चित्रपट २००१, २००२ आणि २००३ साली आले. तिसऱ्याला ११ ऑस्कर मिळाले, त्यांत रूपांतरित पटकथेचंही होतं. पण काहीच बदललं नाही असं, टॉल्किनचं १९५४-५५ साली आलेलं पुस्तक वाचलेला माणूस म्हणणार नाही. (शत्रूची ताकद जिच्यात आहे ती मोहात पाडणारी अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडो नावाच्या हॉबिटची, म्हणजे बुटक्या माणसाची, ही गोष्ट.) जुन्या जंगलातला टॉम बॉम्बाडिल सिनेमात नाहीच. जखमी फ्रोडोला नदीपार न्यायला पुस्तकात ग्लॉरफिंडेल नावाचा एल्फ, म्हणजे एका अमर जमातीतला वीर, आपला घोडा देतो. सिनेमात एल्फ राजकन्या आर्वेन त्याला पुढ्यात घेऊन घोडा पळवते. हेल्म्स डीपच्या लढाईत मदतीला एल्फांची पलटण येते, ती पुस्तकात कुठेच नाही. म्हातारा नातलग बिल्बो ह्याच्या वाढदिवसानंतर फ्रोडो घर सोडतो तो १७ वर्षांनी, पन्नाशीला आल्यावर. सिनेमात तो कोवळा पोरगा आहे. किरिथ उंगोलच्या पायऱ्यांवर फ्रोडो आपल्या सोबत्याला, सॅमला, 'घरी जा' म्हणतो, तेही पटकथाकारांनी घातलेलं.

आता हे सगळे बदल एकाच तराजूत घालायचे का? बॉम्बाडिल गेल्याची हळहळ मला वाटते, पण त्याच्यावाचून गोष्ट अडत नाही. आर्वेनला घोड्यावर बसवलं हे तर मला आवडलंच. पुस्तकात तिची आणि पुढे राजा होणाऱ्या आरागॉर्नची प्रेमकहाणी बरीचशी परिशिष्टात जाऊन पडली आहे. सिनेमाने तिला मुख्य रस्त्यावर आणलं. त्याने पुस्तकाचं काही गेलं नाही.

फारामिर ह्या सेनानीचं मात्र गेलं. पुस्तकात फ्रोडो आणि सॅम त्याच्या तावडीत सापडतात. शत्रूचं ते हत्यार काय आहे हे नेमकं माहीत नसतानाच तो म्हणून जातो की, रस्त्यात पडलेलं सापडलं तरी मी ते उचलणार नाही. मग सॅमच्या तोंडून चुकून सत्य निसटतं. अंगठी समोर आहे, दोघे बुटके हॉबिट एकटे आहेत, हाताशी सैनिक आहेत. फारामिर उठून उभा राहतो. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. आणि तो आपला शब्द पाळतो. सिनेमात हाच माणूस दोघांना कैद करून बापाकडे न्यायला निघतो आणि ऑस्गिलिआथपर्यंत फरफटत नेऊन मग सोडतो. पटकथाकारांचं समर्थन असं की, अंगठीचा मोह सगळ्यांना होतो असं दाखवल्यावर एकालाच तो झाला नाही तर तिची धास्ती कमी होते. मला हे पटत नाही. फारामिरचा भाऊ बोरोमिर मोहाला बळी पडला, त्याच घरातला, त्याच बापाचा धाकटा मुलगा पडला नाही, हे पुस्तकाला सांगायचंच आहे. ते काढलं की मोह म्हणजे पावसासारखा, येणारच, असं होऊन बसतं.

दुसरा बदल ह्याहून मोठा. पुस्तकात अंगठी नष्ट झाल्यावरही गोष्ट संपत नाही. चौघे हॉबिट आपल्या मुलखात, शायरला, परततात तेव्हा पुलावर फाटक लागलेलं आहे. चौकीत भिंतीवर नियमांची यादी आहे. रस्त्याकडेची झाडं तोडलेली, ओळीने विटांची कुरूप घरं उभी राहिलेली, जुनी गिरणी पाडून तिथे पाणी नासवणारी मोठी गिरणी आलेली. वाढदिवसाच्या मैदानातलं ते झाड आडवं पडलेलं बघून सॅमला रडू फुटतं. सगळ्या प्रवासात जे सोसलं त्याहून त्याला हे जड जातं. मग गाव उठतं, लढतं, माणसं मरतात. आणि नंतर सॅम, एल्फांची राणी गालाद्रिएल हिने दिलेल्या पेटीतली माती चिमूटचिमूट करून नव्या रोपांच्या मुळाशी घालत गावभर हिंडतो. सिनेमात फ्रोडोला जादूच्या आरशात जळतं शायर क्षणभर दिसतं, तेवढंच. चौघे परत येतात तेव्हा गाव जसंच्या तसं आहे आणि ते खानावळीत पेले घेऊन बसतात.

शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातला बासमती ज्यांनी खाल्लाय, हलगा-मच्छे बायपाससाठी पिकाऊ जमीन जाऊ नये म्हणून शेतकरी आडवे पडलेले ज्यांनी बघितलेत, त्यांना हे प्रकरण कुणी समजावून द्यावं लागत नाही. लांबचं युद्ध जिंकून आलो तरी घरचं शिवार शाबूत राहिलेलं नसतं, ही त्या कादंबरीतली सगळ्यांत खरी गोष्ट आहे. सिनेमाने तीच गाळली. तरीही मी ते सिनेमे पुन्हा पुन्हा बघते, कारण फ्रोडो-सॅमची मैत्री, अंगठीने झपाटलेल्या गोलुमचं दुभंगलेपण, दयेमुळेच शेवटी काम फत्ते होणं हे सगळं त्यांनी जिवापाड सांभाळलंय. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे, आणि 'काहीच बदललं नाही' म्हटलं की दोन्ही दिसेनासं होतं.

टॉल्किनने स्वतः ह्यावर लिहून ठेवलंय. १९५८ साली त्याच्याकडे एका सिनेमाचा आराखडा आला होता, त्यावर त्याने सविस्तर टिपण पाठवलं. गोष्ट आखूड करण्याला त्याची हरकत नव्हती. वाईट सिनेमे फसतात ते अतिशयोक्तीने आणि नको ते घुसडल्याने, आणि हे होतं मूळ कृतीचा गाभा कुठे आहे ते न कळल्याने, असं त्याचं म्हणणं. गरुडांचा वाटेल तिथे वापर केलेला बघून तो वैतागला होता. म्हणजे लेखकाचं मापसुद्धा गाभ्याचं होतं, प्रसंगांच्या मोजदादीचं नव्हतं.

'हॅरी पॉटर' पहिल्या भागांत शब्दशः होता

नव्हता. पहिल्या पुस्तकात, म्हणजे मराठीतल्या 'हॅरी पॉटर आणि परीस'मध्ये, शेवटाकडे शिक्षक स्नेपने रचलेला अडथळा आहे. टेबलावर सात बाटल्या, पुढे काळी आग, मागे जांभळी. कागदावर कविता: एक बाटली पुढे नेईल, एक मागे, दोनांत नुसती दारू, तिनांत विष. हॅरीची मैत्रीण हर्मायनी तो कागद वाचते आणि चक्क हसते. ही जादू नाही, तर्क आहे, म्हणते. भल्याभल्या जादूगारांना तर्काचा गंध नसतो, ते इथेच अडकून पडले असते. मग बाटल्यांच्या ओळीपुढून येरझारा घालत, बोटं दाखवत, पुटपुटत ती कोडं सोडवते. सगळ्यांत लहान बाटलीत पुढे जाण्याचा घोट आहे, आणि तो एकालाच पुरेल एवढा. म्हणून हॅरी एकटा पुढे जातो.

हा प्रसंग २००१ च्या सिनेमात नाही. बुद्धिबळाच्या अडथळ्यानंतर हर्मायनी जखमी मित्र रॉनजवळ थांबते आणि हॅरी पुढे जातो. पीव्ह्ज हे खोडकर भूतही नाही. आमच्या वर्गात हे प्रकरण वाचताना मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "बाई, मी पिक्चर बघलो की, त्यात बाटल्या कुठं हाईत?" मजकूर लिहिणाऱ्याने निदान एवढं विचारायला हवं होतं.

तरीही पहिला भाग पुस्तकाच्या जवळ आहे हे मान्य. त्याचं कारण मात्र साधं आहे. ब्रिटिश आवृत्तीत पहिलं पुस्तक २२३ पानांचं आणि सिनेमा १५२ मिनिटांचा. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं आणि सिनेमा १३८ मिनिटांचा. सगळ्यांत जाड पुस्तकाचा सिनेमा मालिकेतल्या सगळ्यांत आखूड सिनेमांपैकी एक. कापाकापी होणारच होती. प्रश्न हा की कात्री कुठे चालली.

पाचव्यात अंब्रिज नावाची शिक्षिका कात्रीतून वाचली. गुलाबी खोली, मांजरांची चित्रं काढलेल्या बश्या, गोड आवाज, भिंतीवर रोज एक नवा हुकूम ठोकणं, आणि शिक्षा म्हणून मुलाच्या हातावर त्याच्याच रक्ताने अक्षरं कोरणारी ती लेखणी. शाळेत शिकवणाऱ्या कुणालाही ही बाई बघवत नाही, कारण सत्तेची नशा वर्गात कशी चढते ते आपल्याला माहीत असतं. इमेल्डा स्टॉन्टनने ती अशी उभी केली की शेकडो पानं गळून गेली तरी पुस्तकाचा राग शिल्लक राहिला.

तिसऱ्या सिनेमाचं (२००४, दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोन) उलट झालं. मुलं मोठी होतायत, अंधार वाढतोय, डिमेंटर, म्हणजे जादूगारांच्या तुरुंगाचे ते भयाण पहारेकरी, जवळ आले की जगण्यातला आनंदच आटतो, हे त्या सिनेमाइतकं दुसऱ्या कुठल्याच भागाने पकडलेलं नाही. मालिकेतला तो माझा सगळ्यांत आवडता. पण त्याने एक छोटीशी गाठ सोडून दिली. तो जादूचा नकाशा ल्युपिन, पेटिग्रू, सिरियस आणि हॅरीचे वडील जेम्स ह्या चार मित्रांनी शाळेत असताना केलेला असतो, आणि जेम्स फांदीदार शिंगांच्या नर हरणाचं रूप घेत असे. हे सांगितलंच नाही. त्यामुळे हॅरीच्या कांडीतून चंदेरी हरिण झेपावतं तेव्हा पडद्यावर ते नुसतं सुंदर दिसतं. पुस्तकात तिथे पोरक्या मुलाला बाप भेटलेला असतो. दोन-तीन वाक्यांत भागलं असतं.

आणि 'शब्दशः' ह्या कल्पनेतला खोटेपणा चौथ्या भागात उघडा पडतो. हॅरीचं नाव स्पर्धक निवडणाऱ्या अग्निचषकातून बाहेर येतं तेव्हा मुख्याध्यापक डंबलडोर त्याला विचारतो, तू त्यात नाव टाकलंस का? पुस्तकात लेखिकेने स्पष्ट म्हटलंय की तो शांतपणे विचारतो. २००५ च्या सिनेमात तो धावत येऊन हॅरीला धरून गदागदा हलवत विचारतो. संवाद पुस्तकातलाच आहे. माणूस मात्र दुसराच आहे. कितीही शब्द जपले तरी हे चुकायचं ते चुकतंच.

वेळ दिला की अख्खं पुस्तक बसतं

ह्याला 'हॉबिट' एवढं एकच उत्तर पुरे. टॉल्किनचंच १९३७ सालचं, लहान मुलांसाठी लिहिलेलं साधारण ३०० पानांचं एक पुस्तक. त्याचे २०१२, २०१३ आणि २०१४ साली तीन सिनेमे झाले, मिळून जवळजवळ आठ तास. एवढ्या वेळात ते पुस्तक मोठ्याने वाचत निम्म्याच्या बरंच पुढे जाता येतं. तरी त्यात पुस्तकात नसलेली टॉरिएल आली, 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला पण ह्या पुस्तकात नसलेला लेगोलास आला, पुस्तकात आधीच मेलेला अझोग हा खलनायक जिवंत होऊन पाठलाग करू लागला, आणि बिचारा नायक बिल्बो आपल्याच गोष्टीत कोपऱ्यात गेला. मोकळी जागा मिळाली की ती भरायचा मोह होतो. वेळेची टंचाई हा तर कधीकधी उपकारच ठरतो.

लेखकाचं ऐकलं की चूक होत नाही

लेखकाला विचारावं, मान द्यावा, ह्यात वाद नाही. पण 'मेरी पॉपिन्स' (१९६४) करताना लेखिका पी. एल. ट्रॅव्हर्सना विचारलं गेलं होतं, बैठका झाल्या होत्या, तरी झालेला सिनेमा त्यांना रुचला नाही. आणि जगाने तो डोक्यावर घेतला. उलट डायना विन जोन्सच्या १९८६ सालच्या 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'मध्ये जपानी दिग्दर्शक मियाझाकीने २००४ साली मोठं युद्ध घातलं, हाउलचं वेल्समधलं घर काढून टाकलं, आणि लेखिकेला तो सिनेमा मनापासून आवडला.

लेखकाचं ऐकायलाच हवं होतं असं एक उदाहरण मात्र आहे, आणि ते आपल्यासारख्यांनी विसरू नये. लेखिका उर्सुला ली ग्विनच्या 'अर्थसी' कादंबऱ्यांचा नायक, जादूगार गेड, तांबूस तपकिरी कातडीचा आहे. त्या जगात बहुतेक माणसं सावळी किंवा काळी आहेत, गोरे थोडे. हे तिने विचारपूर्वक केलं होतं, १९६८ साली. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेने गेडला गोरा करून टाकलं. ली ग्विनने जाहीरपणे लिहून निषेध केला. कथानकात ह्याने काय फरक पडतो, असं विचारणारे तेव्हाही होते. आमच्या वर्गातल्या मुलांनी आजवर जितके जादूगार पाहिले ते सगळे गोरे आहेत. त्यांच्या रंगाचा एक होता, आणि पडद्याने तोही ठेवला नाही.

आपल्या लोकांनी मूळ कथेत कधी हात घातला नाही

हे वाक्य निदान बेळगाव जिल्ह्यात तरी कुणी लिहू नये. मराठी संगीत रंगभूमी ज्यांनी उभी केली ते अण्णासाहेब किर्लोस्कर ह्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३ चा. १८८० साली पुण्यात त्यांनी 'संगीत शाकुंतल' आणलं. कालिदासाचं संस्कृत नाटक त्यांनी साकी-दिंडीच्या पदांत बसवलं, मराठी माणसाच्या ओठांवर आणलं. शाकुंतलाशी ते बेइमान झाले असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आणि कालिदासाने काय केलं होतं? महाभारताच्या आदिपर्वात शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही. दुर्वासाचा शापही नाही. शकुंतला मुलाला घेऊन दरबारात येते तेव्हा दुष्यंताला सगळं आठवत असतं. तो जाणूनबुजून तिला ओळख नाकारतो, अपमान करतो, आणि ती त्याला भर सभेत खडसावते. आकाशवाणी झाल्यावर मग तो म्हणतो, मला ठाऊक होतं, लोकांना संशय राहू नये म्हणून मी असं केलं. कालिदासाने शाप आणला, नदीत पडलेली अंगठी आणली, ती गिळणारा मासा आणला, आणि अंगठी विकायला गेल्यावर शिपायांचा मार खाणारा कोळी आणला. त्याने राजाचा अपराध विस्मृतीत बुडवला. ह्यात त्याने कथेला काय दिलं आणि शकुंतलेकडून काय काढून घेतलं, ह्यावर आजही वाद घालता येतो, घालावाच. मला स्वतःला महाभारतातली ती खडसावणारी शकुंतला जास्त जवळची वाटते, आणि तरीही अंगठी बघून दुष्यंताला आठवण येते तिथे कालिदासच थोर वाटतो. पण 'कधी हात घातला नाही' हे कुठल्या तोंडाने म्हणायचं?

अलीकडचं बघायचं तर विजयदान देथांची राजस्थानी कथा 'दुविधा'. भूत नवऱ्याचं रूप घेऊन घरात राहतं, बायकोला खरं सांगून राहतं, आणि तिचं त्याच्यावर प्रेम बसतं. कथेत शेवटी भूत चामड्याच्या पखालीत कोंडलं जातं आणि ती बाई, तिला कुणी काही न विचारता, खऱ्या नवऱ्याच्या हाती उरते. मणि कौल ह्यांनी १९७३ साली केलेला सिनेमा हा शेवट ठेवतो. अमोल पालेकरांच्या 'पहेली'त (२००५) भूत नवऱ्याच्या अंगात शिरतं आणि सगळं गोड होतं. 'पहेली' देखणा आहे, पण देथांची कथा त्या बाईच्या कोंडमाऱ्यावर उभी आहे. शेवट गोड केला की प्रश्नच पुसला जातो. हे आपल्याच लोकांनी केलं, आणि चांगल्या दिग्दर्शकाने केलं.

इथे जी. ए. कुलकर्णी आठवल्याशिवाय राहत नाहीत. तेही ह्याच जिल्ह्यातल्या एकसंब्याचे. 'रमलखुणा'तल्या 'प्रवासी' किंवा 'इस्किलार' ह्या कथांना कुणी पडद्यावर न्यायचं ठरवलंच, तर वाक्य न वाक्य जपणाऱ्यापेक्षा, त्यातली नियतीची थंडगार चाहूल ज्याला ऐकू येते अशा माणसाच्या हाती त्या जाव्यात असं मला वाटतं.

म्हणून मुलांना सिनेमा पुरे

वरचं सगळं खरं असेल तर मजकुराचा हा निष्कर्ष आपोआप कोलमडतो. सिनेमा पुस्तकापासून हलतोच, चांगला असला तरी हलतो, म्हणून एक बघितलं की दुसरं झालं असं होत नाही. मुलांना सिनेमा दाखवू नका असं मी म्हणणार नाही. ज्या घरात पुस्तक विकत येत नाही, ज्या गावात वाचनालय नाही, तिथल्या मुलाला त्या दुनियेची पहिली खिडकी सिनेमाच उघडून देतो. सिनेमा बघितलेलं मूल पुस्तक लवकर धरतं असा माझा अनुभव आहे. नावं ओळखीची असतात, चेहरे डोळ्यांपुढे असतात, जाडीची भीती मोडते. त्या क्षणी हातात पुस्तक द्यायचं सोडून 'झालं काम' म्हणणं, हे मला सोसत नाही.

ज्यांनी तो मजकूर पुढे पाठवला त्यांच्यात बरेच शिक्षक आहेत, म्हणून एक सुचवते. सुट्टीआधी सिनेमा जरूर दाखवा. मग त्याच आठवड्यात पहिल्या पुस्तकातलं शेवटून दुसरं प्रकरण, ते सात बाटल्यांचं, वर्गात मोठ्याने वाचा आणि ती कविता फळ्यावर लिहा. बाटल्या लहान-मोठ्या आहेत एवढंच पुस्तक सांगतं, सगळ्या कुठे कुठे ठेवल्यात ते सांगत नाही, त्यामुळे कोडं नुसत्या कवितेवरून पुरतं सुटत नाही. मुलं आपापल्या वहीत सात बाटल्या काढतात, प्रत्येकाची रांग वेगळी येते, आणि कुणाचं उत्तर बरोबर ह्यावर पुढचा तास सुरू झाला तरी भांडत राहतात.